ओला सांधा

घराच्या मागून कालवा जायचा. जायचा म्हणजे, कालवा होता जागच्या जागी, पण त्यातून पाणी जाणं कधीच बंद झालं होतं. वरच्या अंगाला, दगडी पुलापर्यंत, पाणी यायचं. पुलाखाली लाकडी फळ्या टाकून ते अडवलेलं असायचं. पुलाच्या खालचा तुकडा कोरडा ठणठणीत. तळात कमरेएवढं गवत, काठाचे दगड कुठं निखळलेले, कुठं लोकांनी उचलून आपापल्या घराच्या पायरीला बसवलेले. त्या घरच्या धाकट्या सुनेच्या, धाकटीच्या, न्हाणीतला पाय घासायचा दगडही कालव्याचाच होता. तिनं तो आणला नव्हता, सासऱ्यांनी आणला होता. पण त्याच्यावरची छिन्नीची तिरकी रेघ बाहेरच्या दगडांवरही होती, आणि टाच घासताना तिला दर वेळी वाटायचं, हा चोरीचा माल आहे.

त्या उन्हाळ्यात विहिरी लवकर तळाला गेल्या. धाकटीचा भाजीचा मळा घरामागे, कालव्याला लागून. ती आणि नवरा सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी वाफे भिजवत. नवऱ्याचा उजवा खांदा रात्री ठणकायचा आणि तो झोपेत कुशी बदलताना कण्हायचा. अशात पाण्याच्या खात्यानं कळवलं की कोरडा तुकडा आता बुजवून टाकायचा, खालून पाइप न्यायचा आणि वरून रस्ता करायचा. निम्म्या गावाला रस्ता हवाच होता. बाकीचे म्हणाले, पणजोबांच्या आधीच्या माणसांनी हातानं खणलेला कालवा, तो असा मातीत घालायचा? पण म्हणण्यापलीकडे कुणी काही केलं नाही.

केलं ते बाहेरून आलेल्या एका मुलीनं. जुने कालवे जपणारी एक संस्था होती, तिची ती इंजिनीअर. वयानं लहान, उन्हानं नाक सोललेलं. तिनं शाळेत बैठक बोलावली आणि सरळ सांगितलं, की खात्याच्या साहेबांशी तिचं बोलणं झालंय. लोकांनी आपल्या हातानं हा तुकडा साफ करायचा, तळाला आणि काठांना चिकणमातीचं अस्तर द्यायचं, पावसाळ्याच्या आत पाणी सोडून दाखवायचं. पाणी रात्रभर टिकलं तर पाइप रद्द. नाही टिकलं तर मशिनं येतील. कामाला माणसं जमवणारे, त्यांना कामाला लावणारे, संध्याकाळी हत्यारं मोजून ठेवणारे असे दोन पुढारी हवेत. फुकट. कोण होईल?

माणसं बाकांखाली चपला शोधू लागली. मग पुढच्या बाकावरून एक लांब, बारीक हात वर गेला. तो धाकटीच्या जावेचा, थोरलीचा होता. त्याबरोबर मागच्या बाकावरून धाकटीचाही हात वर गेला. तो कसा गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. सगळी शाळा हसली, कारण दोघींचं बोलणं नाही हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. एकटी इंजिनीअरबाई हसली नाही. तिला वाटलं, चला, काम झालं.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. सासरे गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या आणि मधून भिंत आली. थोरल्या भावाकडे पिठाची गिरणी आणि कालव्याकडे उघडणारं मागचं दार, धाकट्याकडे मळा. तक्रार वाटणीची नव्हती. वाटणीच्या दिवशी, चार माणसांदेखत, थोरली एक वाक्य बोलली होती: "हिच्या हातचं काही टिकत नाही." त्याच आठवड्यात धाकटीनं बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं पडलं होतं, तेवढ्यावरून. माणसं हसली, चहा पिऊन उठून गेली. धाकटीच्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. त्या दिवसापासून तिनं थोरलीशी बोलणं टाकलं. पीठ दळायलाही ती लांबच्या गिरणीवर जायची. डोक्यावर ओझं घेऊन जावेच्या गिरणीसमोरून जायची, ते मान ताठ ठेवून.

मधे होती सासू. पावसाळा इकडे आणि उन्हाळा तिकडे असं तिचं ठरलेलं होतं. पण दुपारचं जेवण, जिकडून वास चांगला येईल तिकडे. दोन्ही घरांचे निरोप तीच न्यायची.

काम सुरू झालं. इंजिनीअरबाईनं कोरड्या तुकड्याचे बरोबर दोन भाग केले आणि मधे लाल रंगाची खुंटी ठोकली. खुंटी नेमकी त्यांच्या घराच्या मागे आली. पुलापासून खुंटीपर्यंत थोरली, खुंटीपासून खालच्या वळणापर्यंत धाकटी.

पहिले काही दिवस धाकटीनं पुढारीपण म्हणजे सगळं आपणच करायचं असं समजून काम केलं. गवत तिनंच कापलं, मुळं तिनंच उपटली, घमेलीही तिनंच उचलली, आणि वर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. जमलेली माणसं काठावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. तिच्या तुकडीत एक सलूनवाला होता, एक पंक्चरवाला, निवृत्त झालेले एक मास्तर आणि कॉलेजातल्या चार-पाच मुली. तिसऱ्या दिवशी तिच्या कमरेत अशी उसण भरली की तिला वाकता येईना. मग तिला काठावर बसावं लागलं, आणि बसल्यावर दिसायला लागलं. सलूनवाल्याच्या तळहाताला फोड आले होते, पण त्याची बोटं चपळ. त्याला तिनं चिकणमातीतले खडे आणि मुळ्या वेचायला बसवलं. तो उकिडवा बसून गिऱ्हाइकाचे पांढरे केस उपटावेत तशा मुळ्या उपटायचा. पंक्चरवाल्याकडे तीनचाकी टेम्पो होता, तो आटलेल्या तळ्यातून माती आणायला गेला. मास्तरांना अंगमेहनत होत नव्हती, पण आवाज खणखणीत. त्यांना ती म्हणाली, ओरडायचं काम तुमचं. ते खूश झाले.

एकदा पाण्याच्या खात्याचे साहेब बघायला आले. काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, इथं मुख्य कोण आहे? विचारताना त्यांची नजर धाकटीच्या डोक्यावरून मास्तरांकडे गेली. धाकटी गुडघ्यापर्यंत चिखलात होती, गालावर मातीचा फराटा होता. मास्तरांनी तिच्याकडे बोट केलं. साहेबांनी पुन्हा एकदा मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "बरं बरं." ते 'बरं बरं' धाकटीला दिवसभर पुरलं. तिनं त्या दुपारी एकटीनं दोन माणसांची माती तुडवली.

माती तुडवणं हेच खरं काम होतं. तळ्याची काळी चिकण माती खड्ड्यात भिजत घालायची, लोण्यासारखी झाली की वीतभर जाड थर पसरायचा आणि अनवाणी पायांनी तुडवायचा. टाच रोवायची, फिरवायची, काढायची. पुन्हा शेजारी रोवायची. माती पाय सोडत नाही, पोटरीला धरून ठेवते. एक थर बसला की दुसरा. काठाला उभी माती लावून ती लाकडी धुम्मसानं ठोकायची. आणि केलेलं काम उन्हानं तडकू नये म्हणून त्यावर ओली पोती. धाकटीचे पाय रुंद होते. लग्नात चप्पल मिळाली नव्हती म्हणून माहेरचे अजून हसायचे. त्या पायांना इथं पहिल्यांदा मान मिळाला. मुली तिच्या पावलांत पाऊल ठेवून चालायच्या.

पुलाकडच्या बाजूला थोरलीचं काम शिस्तीत चाललं होतं. तिथं आवाज नसायचा. थोरली पिठासारखीच, कोरडी आणि पांढरी. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांना ती म्हणे आधी तासभर माती तुडवायला पाठवते, मगच गिरणी सुरू करते. ही बातमी सलूनवाल्यानं आणली. धाकटीनं नाक मुरडलं. पण मनात म्हणाली, युक्ती वाईट नाही.

सासू रोज खुंटीपाशी खुर्ची टाकून बसायची. दोन्हीकडची किटली तिच्याजवळ असायची आणि निरोपही.

"तिकडे सांगा, तुमचं गवत वाऱ्यानं आमच्या मातीत पडतंय," धाकटी म्हणायची.

सासू काठी टेकत जायची आणि येऊन सांगायची, "ती म्हणाली, वाऱ्याला सांग."

घरी धाकटीच्या नवऱ्याचे हाल होते. दूध उतू जायचं, बटाटे करपायचे. घरात माती, अंथरुणात माती, असं तो कुरकुरायचा. पण ढकलगाडीचा दांडा मोडला तेव्हा तो न सांगता रात्रीतून नवा तासून ठेवून गेला. सकाळी धाकटीनं दांड्यावरून हात फिरवला. इतका गुळगुळीत केला होता की घरातल्या कुठल्याच वस्तूवर त्यानं एवढी मेहनत घेतलेली तिला आठवेना.

शहरात काम निघालं म्हणून इंजिनीअरबाई काही दिवसांसाठी गेली. जाण्याआधी तिनं दोघींना खुंटीपाशी बोलावलं. दोघी आल्या, खुंटीच्या दोन बाजूंना दोन दिशांकडे तोंडं करून उभ्या राहिल्या. इंजिनीअरबाईनं ओल्या मातीत बोट खुपसून दाखवलं. म्हणाली, "ज्या दिवशी दोन्ही कामं इथं पोचतील, त्या दिवशी दोन्ही तुकड्यांनी मिळून हा सांधा तुडवायचा. ओल्याला ओलं भेटलं पाहिजे. एक बाजू वाळली आणि तिला नंतर माती चिकटवली, तर डोळ्यांना काही दिसणार नाही, पण पाण्याला दिसेल." दोघींनी मान हलवली. ती एकमेकींना नव्हती.

धाकटीची बाजू आधी खुंटीला पोचली. थोरलीचं अजून दोन-तीन दिवसांचं काम उरलं होतं. धाकटीनं सासूबरोबर निरोप धाडला, की आम्ही पोचलो. सासू जाऊन आली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पोचलात तर बसा."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बसली. टोकाच्या मातीवर पोती टाकून तिनं दोन दिवस त्यांच्यावर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी विहिरीतून बादली ओढताना तिला वाटलं, माझ्या वाफ्यांना पाणी नाही आणि ही महाराणी येईपर्यंत मी पोती भिजवत बसू? तिनं ती बादली वांग्यांना घातली. चौथ्या दिवशी ती बाजारात भाजी विकायला गेली. नेमकी त्याच दिवशी थोरली खुंटीला पोचली. तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली, असं नंतर कळलं. मग आपली माती तिनं पोत्याखालच्या मातीला नेऊन भिडवली, वरून धुम्मस मारला आणि घरी गेली. संध्याकाळी धाकटीनं येऊन पाहिलं. सांधा दिसत नव्हता, एकसारखा गुळगुळीत होता. तिनं अंगठा दाबून पाहिला आणि सोडून दिला. मनात काहीतरी खुपलं, पण ते तिनं उकरलं नाही.

पाणी सोडायच्या दिवशी सगळं गाव काठावर होतं. इंजिनीअरबाईनं पुलाच्या खांबावर पांढऱ्या रंगानं एक खूण केली, पाणी इथवर भरायचं. खालच्या वळणावर मातीचा आडवा बांध घालून पुढची वाट बंद केली होती. फळ्या एकेक करून वर ओढल्या. पाणी आधी चोरासारखं आलं, तळातून पालापाचोळा ढकलत. मग रुंद झालं. पोरं त्याच्याबरोबर काठानं धावली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते उन्हावर ढकललं. पाणी खुणेला लागलं तेव्हा फळ्या बंद केल्या. धाकटीच्या पायाखाली इतके दिवस जी माती होती, ती आता पाण्याखाली दिसेनाशी झाली होती, आणि तिला उगाच पोरकं वाटत होतं.

सकाळी पाणी खुणेच्या हातभर खाली होतं.

धाकटीचा नवराच धावत सांगायला आला. भाजीच्या मळ्याच्या कडेला, कालव्याच्या भरावातून, एका जागी चिखल पाझरत होता. जागा शोधायची गरजच नव्हती. लाल खुंटीच्या खालीच होती.

साहेब आले, इंजिनीअरबाई आली, लोक जमले. कुणीतरी मागून म्हणालं, बायकांचा खेळ होता तो, संपला. इंजिनीअरबाईनं पाझराची माती चिमटीत धरून पाहिली. तिला काय झालं ते कळलं होतं. तिनं दोघींकडे पाहिलं, पण ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात कालव्याला पाण्याची पुढची पाळी येईल, तोवर काय करायचं ते करा, त्यानंतर मशिनं थांबवणं माझ्या हातात नाही. मग त्यांनी विचारलं, ही चूक कुणाची?

चारचौघांत आता तेच वाक्य पुन्हा येणार, हे धाकटीला ठाऊक होतं. ते ऐकायला तिनं पाय रोवूनही घेतले.

थोरली म्हणाली, "माझी. मी हिची वाट बघायला हवी होती. घाई केली."

तिनं हे कुणाच्या तरी उधारीचा हिशेब सांगावा तसं, काही न घालता-वगळता सांगितलं. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं थोरलीचं तोंड समोरून पाहिलंच नव्हतं. डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं झालं होतं आणि त्यांत पीठ बसलं होतं.

"वाळलेली बाजू माझी होती," धाकटी म्हणाली. "पोती मी भिजवली नाहीत."

"मी आले तेव्हा ती ओलसर होती."

"ओलसर कुठली? दोन दिवस पाणी नव्हतं त्यांच्यावर."

"मी हात लावून पाहिलं होतं ना."

"चूक दोघींत वाटून घ्या," साहेब म्हणाले, "पण पाणी थांबवा." आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

पाणी काढून टाकायला एक दिवस गेला. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंची चांगली, बसलेली माती पहारीनं फोडायची होती. आपणच तुडवलेली माती फोडताना धाकटीला आपलंच हाड मोडल्यासारखं झालं. इंजिनीअरबाईनं सांगितलं तशा दोन्ही टोकांना पायऱ्या पाडल्या, म्हणजे नवी माती जुनीत गुंतेल. पायऱ्यांवर पाणी मारून त्या खरवडल्या. तोवर वर खड्ड्यात माती भिजून तयार होती. सलूनवाला आणि थोरलीकडच्या दळणवाल्या बायका शेजारी शेजारी बसून मुळ्या वेचत होत्या. त्यानं एकीच्या केसांबद्दल काहीतरी सल्ला दिला आणि सगळ्याजणी हसल्या. दोन तुकड्या आहेत हे हळूहळू कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

सासूला त्या दिवशी धाकटीनं सवयीनं सांगितलं, "आई, तिकडे सांगा, आता उतरायचं."

सासू खुर्चीत होती. ती म्हणाली, "ती तुझ्यापासून दोन हातांवर उभी आहे. माझे गुडघे दुखतात."

धाकटीनं पदर खोचला. "उतरायचं का?" ती म्हणाली. कुणाला, ते म्हणाली नाही.

"उतरू," थोरली म्हणाली.

सांधा फोडून झालेला चर अरुंद होता. दोनच माणसांना जागा होती, आणि तुडवायचं तर दोघींना एकाच वेळी, एकमेकींकडे येत, मधे भेटून परत फिरायचं होतं. पहिला थर पडला. धाकटीचे रुंद पाय चपचप आवाज करत फिरले. थोरलीचे पाय लांब, निमुळते, ते खुंट्यासारखे आत जायचे आणि निघायचे नाहीत. दोन फेऱ्यांत तिला धाप लागली. वर्षानुवर्षं पीठ खाल्लेली छाती शिट्टी वाजवायला लागली. तिसऱ्या फेरीला तिचा पाय असा रुतला की ती कलंडली, आणि धाकटीनं तिला दंडाला धरलं. दंड किती बारीक होता. धाकटीनं हात सोडला नाही. तिनं थोरलीचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

"टाच आधी टाकू नका," ती म्हणाली. "चवडा टाका, फिरवा, मग टाच. काढताना पण फिरवून काढा. ओढू नका."

थोरलीनं तसं केलं. पाय निघाला. दुसऱ्या थराला दोघींची पावलं जुळली. वरून मुली घमेल्यानं माती ओतत होत्या. ऊन माथ्यावर होतं, घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला कुणाचाच हात स्वच्छ नव्हता.

मग धाकटीच्या तोंडून ते गेलं. वाटण्यांच्या दिवशी तुम्ही असं असं बोललात, चार माणसांदेखत, असं ती खाली बघून म्हणाली. बोलताना पाय थांबवले नाहीत.

थोरली थांबली. "मी? तुझ्या हातचं टिकत नाही, असं म्हणाले?"

"हो."

थोरलीनं खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, जुनी जडशीळ पेटी उघडावी तशी. मग म्हणाली, "म्हणाले असेन. खुराडं पडलं होतं ना, माझी एक कोंबडी दबली होती त्याच्याखाली. त्याचा राग असेल." ती पुन्हा पाय उचलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग त्यासाठी तू बोलणं टाकलंस? मला वाटलं, मागचं दार आमच्याकडे आलं म्हणून."

"दाराचं मला काय?"

"म्हणून तर मी ते दिवसभर उघडं ठेवत होते. म्हटलं, येऊ दे, जाऊ दे, मळ्यात जायला तिला लांबून फिरून जावं लागतं. तू एकदाही आली नाहीस. मग मलाही राग आला."

धाकटीला ते दार आठवलं. रोज उघडं असायचं. रोज तिला वाटायचं, मला दाखवायला उघडं ठेवते. तिला हसू यायला लागलं. आधी पोटात, मग खांद्यांत. थोरलीचा हात तिच्या खांद्यावरच होता, त्यामुळे तोही हलायला लागला. "काय झालं?" थोरली म्हणाली, आणि मग तीही हसली. तिला हसताना खोकला आला. खोकता खोकता ती आणखी रुतली, आणि दोघी मांडीपर्यंत चिखलात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. वर काठावर माणसं घाबरून वाकली. पंक्चरवाला दोर आणायला पळाला. सासू खुर्चीतून म्हणाली, "दोर कशाला? राहू दे त्यांना तिथंच."

सूर्य कलता कलता सांधा वरपर्यंत भरला. शेवटचा थर मुलींनी तुडवला, कारण दोघींच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. पोती टाकली. त्यांवर पाणी कुणी मारायचं ते ठरवावं लागलं नाही. धाकटी विहिरीतून ओढत होती आणि थोरली शिंपत होती. पाणी येईपर्यंत रोज तसंच चाललं, आणि वांग्यांनी त्या दिवसांत थोडी माना टाकल्या.

दुसऱ्यांदा पाणी सोडलं तेव्हा गर्दी कमी होती. एकदा तोंड पोळलेलं गाव, फुंकून प्यायला घरी बसलं होतं. पाणी पुन्हा खुणेला लागलं. धाकटी संध्याकाळी तीनदा भरावावरून हात फिरवून आली. कोरडा होता. नवरा म्हणाला, आता जेव. ती जेवली, पण काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ती पुलावर गेली. थोरली आधीच तिथं होती, कठड्यावर पोट टेकून खाली बघत. धाकटीही तशीच ओणवली. पाणी खुणेला होतं. हलत नव्हतं. त्याच्यावर लांब पायांचा एक कोळी इकडून तिकडे चालत गेला. दोघी बराच वेळ तशाच राहिल्या. दगड गार होता आणि पोटाला बरं वाटत होतं.

साहेब आले. त्यांनी काठी घालून पातळी मोजली, भरावावरून चालत गेले, खुंटीपाशी बुटानं जमीन दाबून पाहिली. परत येऊन ते इंजिनीअरबाईशी बोलले आणि मग चालत धाकटीपाशी येऊन थांबले. पाइप दुसरीकडे नेतो, म्हणाले. या वेळी त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. थोरलीलाही त्यांनी मान लववून निरोप दिला. सलूनवाल्यानं दुकान उघडून त्या दिवशी तुकडीतल्या सगळ्यांची दाढी-कटिंग फुकट केली. मास्तर दोनदा बसून आले.

दुपारी कालव्यातून मळ्याकडे काढलेली मोरी उघडली. कालव्याचं पाणी पहिल्यांदा वाफ्यांत शिरलं. धाकटीचा नवरा फावडं घेऊन पाणी वळवत होता. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. जमीन चुर्र आवाज करत पाणी पीत होती. त्याचा खांदा त्या दिवशी दुखला नाही, किंवा दुखत असेल तर त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. वांगी संध्याकाळपर्यंत ताठ होतील, असा त्याचा अंदाज होता.

एवढ्यात पुलाकडून आवाज आले. बायकांचे, चढलेले. एक बारीक आणि कोरडा, एक बसलेला आणि भरडा. त्यानं दोन्ही ओळखले. त्यानं फावडं टाकलं आणि वाफे तुडवत काठानं पळत निघाला. पाणी मोकाट सुटून वाटेत पसरलं, त्याचंही त्याला भान राहिलं नाही.

झालं होतं असं की, खालच्या वळणापुढचा तुकडाही करायचं इंजिनीअरबाईनं मनावर घेतलं होतं. तो याच्या दुप्पट लांब होता आणि त्यासाठी दोन पुढारी तिनं विचारूनही ठेवले होते. थोरलीचं म्हणणं होतं, वळणापासून सुरू करून खाली जायचं, म्हणजे केलेलं काम डोळ्यांसमोर राहतं. धाकटीचं म्हणणं होतं, खालच्या टोकापासून सुरू करायचं, माती त्या बाजूला आहे, टेम्पोला हेलपाटे कमी. थोरली म्हणाली, तुला काय कळतंय. धाकटी म्हणाली, तुम्हाला पाय टाकायला कुणी शिकवलं ते विसरलात वाटतं. थोरली म्हणाली, पाय टाकायला येतं म्हणजे डोकं चालतं असं नाही. दोघींचे हात हवेत होते. इंजिनीअरबाई मधे उभी राहून आळीपाळीनं दोघींकडे बघत होती आणि तिला बोलायला फट मिळत नव्हती.

नवरा धापा टाकत काठावर पोचला, तर वाटेत सासूनं खुर्चीतून काठी आडवी धरली.

"आई, सोड. पुन्हा जुंपलीय त्यांची."

"जुंपू दे," सासू म्हणाली. "किती वर्षांनी समोरासमोर भांडतायत. मला एक शब्द इकडचा तिकडे न्यावा लागला नाही."

तो थांबला. पुलावर थोरली काहीतरी म्हणाली आणि धाकटीनं कपाळावर हात मारला. त्यानं मागे वळून मळ्याकडे पाहिलं. पाणी वाटेवरून आपलं आपण वाफ्यांत उतरायला लागलं होतं. मग तो आईच्या खुर्चीशेजारी काठावर बसला, चपला काढल्या आणि कालव्यात पाय सोडले.